फरशीखालचं रबर

नाई, पुन्हा सांगतो! समुद्रपूरच्या घराचा वरचा मजला माह्या पैशानं झाला, अन् राह्यते तिथं धाकटा गज्या!

दोस्तहो, इथं बंगलोरच्या लॅबमध्ये आज आम्ही फरशीखाली रबर टाकून आवाज तपासला. वर मशीनचे हातोडे ठोकून राह्यले होते, खालच्या खोलीत मले काही ऐकू नाई आलं.

लगेच गावाकडं खालच्या मजल्यावर राह्यणाऱ्या आईले फोन केला. "गज्या वरची फरशी बदलूनच राह्यला, तिच्याखाली रबर टाकू, तुले झोप लागंल." खरं तर गज्याच्या पोरीची धावपळ तिले ऐकू येते, हेच मले पाहवत नाई.

"काऊन रे? मंग तू आल्यावर मले कसं कळंल? तुही टाच आपटायची चाल मी झोपेतही ओळखीन."

सांगा, आता रबर कसं टाकू? गज्या, रबराचे नाई, फक्त फरशीचे पैसे पाठवून राह्यलो, सध्या तीन हजार.