बाटली हलवू नये

माझी धाकटी जाऊ प्रयोगशाळेत कामाला आहे. आपण घासून घासून काढतो त्या गंजाचाच भाऊबंद ती तिथे हौसेने तयार करते. लोखंडाचे कण, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. ते कॅन्सरच्या गाठीत सोडायचे आणि बाहेरून चुंबकाची दिशा भराभर पालटत राहायची, की कण तापतात आणि गाठ आतून शेकली जाते. अजून सगळं प्रयोगाच्याच पायरीवर आहे, पण चुंबकबाई बोलायला लागली की गॅसवरचं दूध हमखास उतू जातं.

कणांना खोड एकच. एकमेकांना चिकटतात, गोळा होतात आणि तळाशी जाऊन बसतात. “एकत्र कुटुंबाची फार हौस गं त्यांना,” मी तिला चिडवते. म्हणून प्रत्येक कणावर लेप चढवायचा. नवा लेप तिने जीव ओतून केला होता. याही खेपेला कण बसले तर तो सोडून द्यायचा, असं तिच्या सरांनी बजावलं होतं.

नेमकं तेव्हाच प्रयोगशाळेशेजारी भिंत फोडायचं काम निघालं. सगळं हादरायला लागलं, म्हणून सरांना विचारून सीलबंद बाटली घरी आली. आत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. न हलवता ठेवून तळाशी काही बसतं का ते पाहायचं, म्हणून आठवडाभर ती कपाटावर विराजमान आणि आम्हाला संचारबंदी. दार आपटायचं नाही. भावजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, शिंकायलासुद्धा गच्चीत जायचं.

आठवडा संपला. बाटली खाली काढली तर पाणी एकसारखं, तळ स्वच्छ! बाई नाचायचीच काय ती बाकी होती.

“होणारच छान,” सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. “सकाळीच चांगली हलवून ठेवलीय मी.”

“आई! हलवलीत?” मी ओरडलेच.

“मग? खोकल्याचं औषध नाही हलवत? धूळ पुसायला गेले, तर तळाशी काळं बसलेलं.”

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. भावजी हळूच म्हणाले, “आता तर छान दिसतंय. तशीच ने की. कोणाला कळतंय?”

“ज्याच्या अंगात जाईल त्याला,” ती म्हणाली आणि तिने फोन लावला. “सर, बसलं.” किती, असं पलीकडून विचारल्यावर तिने फोन सासूबाईंपुढे धरला. “तुम्हीच पाहिलंत, तुम्हीच सांगा.”

सासूबाईंनी चष्मा सावरला. “नमस्कार. अगदी जरासं हो, नखभर. पोरीला रागावू नका.”

पलीकडे सर हसले. “नखभरच? मागच्या खेपेला बोटभर होतं! मग लेप सोडायचा नाही, सुधारायचा. पुढची बाटली मात्र कुलपात ठेवा.”

“कुलूप कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “मी आहे ना लक्ष ठेवायला!”