बाजारातला आडोसा

आमच्या गावात म्युनिसिपालटीची निवडणूक आली की माणसांना एकदम गावाचं सौंदर्य सुचू लागे. एरवी गटारात पाय पडला तरी धोतर झटकून पुढे जाणारे लोक त्या दिवसांत बागेच्या, कारंज्याच्या आणि मनोऱ्यावरच्या घड्याळाच्या गोष्टी करत. लढाई संपली होती, पण रॉकेल अजून रेशनवरच मिळत होतं, आणि एका उमेदवाराच्या पत्रकात मात्र चौकाचौकात दिव्याचे खांब उभे राहिले होते. ते कशावर पेटणार, हे त्याला कोणी विचारलं नाही. मी नगरसारख्या शहरातून लग्न होऊन इथे आलेली, तेव्हा नाक मुरडणं हा माझा हक्कच होता. तुझं नाक एक दिवस तसंच राहील, असं हे मला म्हणत.

त्या वर्षी म्युनिसिपालटीत बायकांसाठी एक जागा राखून ठेवली होती. गुळाच्या एका बड्या अडत्याची बायको त्या जागेवर बिनविरोध येणार, असं गावानं धरूनच ठेवलं होतं. आणि एका संध्याकाळी जेवताना माझ्या नणंदेनं सांगितलं, "मीही उभी राहणार आहे." ह्यांचा घास हातातच राहिला.

माझी नणंद म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लहान वयात कपाळ पांढरं झालेलं. सासरच्यांनी पाठवून दिल्यावर शिकल्या आणि गावातल्याच मुलींच्या शाळेत मास्तरीण झाल्या. मी त्यांना वन्सं म्हणे आणि मनातून थोडी भीतही असे. बोलणं तोडकं, चालणं झपझप, आणि समोरचा माणूस फापटपसारा लावू लागला की त्या सरळ विचारायच्या, "मग पुढे काय?" गावातल्या निम्म्या सुना त्यांच्या हाताखाली बाराखडी गिरवून गेलेल्या. शाळा म्युनिसिपालटीची असल्यामुळे नोकरी आणि निवडणूक दोन्ही जमणार नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं. राजीनामा त्यांनी त्याच दिवशी देऊन टाकला होता, आम्हाला सांगायच्या आधी. आता निवडणूक हरल्या तर शाळाही गेली आणि जागाही. ह्यांनी नुसतं "अक्का," म्हटलं आणि पानावरून उठले.

त्यांनी हे का केलं, ते सांगायला आधी आमच्या ओट्याबद्दल सांगायला हवं.

आमचं घर बाजारतळाच्या तोंडाशी. बाजारच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून बायका माळवं, दही, अंडी घेऊन येत. ओळखीच्या घराच्या ओट्यावर जादा गाठोडं ठेवायचं, घरच्या बाईनं गूळपाणी द्यायचं, आणि जाताना तिनं चार वांगी ओट्यावर ठेवायची, असा जुना रिवाज होता. आमच्या ओट्यावर देवळालीकडची एक म्हातारी माळवंवाली सुनेला घेऊन यायची. प्रवरेच्या पाटावरचं तिचं माळवं, त्यामुळे उन्हाळ्यातसुद्धा तिच्या पाटीत हिरवीगार कोथिंबीर असे. मी गूळ पुढे केला की ती घ्यायची. पाण्याचा तांब्या मात्र हातानं मागे सारायची. सूनही तसंच करायची. मला वाटायचं, आमच्या आडाचं पाणी मचूळ म्हणून ह्या दोघींचे नखरे. पाटाचं पाणी पिणाऱ्या ना! मी तांब्या जरा आपटूनच ठेवत असे.

एकदा फाल्गुनात ती सून बाजारात बसल्या जागी चक्कर येऊन पडली. पोटुशी होती. तिला उचलून आमच्या ओट्यावर आणली. वन्सं शाळेतून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं, तिला टेकवून बसवलं आणि तांब्या तोंडाला लावला. शुद्धीवर येताच ती पोर मान हलवून नको म्हणू लागली. वन्संनी म्हातारीला दटावून विचारलं, तेव्हा ती पुटपुटली, "पानी पिऊन जायाचं कुठं, मास्तरीनबाई? पुरुषांना भित्ताड हाय. आमाला अंधार पडूस्तवर बसाया लागतं."

मग कळलं. ह्या बायका पहाटे घरून निघताना पाण्याचा थेंब घेत नसत आणि दिवस मावळून गावाबाहेर पडेपर्यंत घेत नसत. सगळ्याजणी. वर्षानुवर्षं. त्या दिवशी वन्संनी दोघींना आमच्या परसातला संडास दाखवला आणि मग पाणी पाजलं. पण एका ओट्यावरच्या दोन बायकांचं भागलं म्हणजे बाजाराचं भागत नाही, असं त्या मला म्हणाल्या, आणि महिन्याभरात उमेदवारीचा अर्ज भरून मोकळ्या झाल्या.

अडत्याच्या बायकोनं प्रचार सुरू केला तो चैत्रातल्या हळदीकुंकवानं. बाई मनानं वाईट नव्हती. थोडी हौशी होती इतकंच. मला बोलावणं आलं, वन्संना अर्थातच आलं नाही. उमेदवार बाई आणि तिला बायकांच्याच घोळक्यात पाऊल टाकता येत नाही, ह्याचा मला इतका राग आला की मी जाणार नाही म्हणून बसले. वन्सं म्हणाल्या, "जा. त्यांच्याकडची आंब्याची डाळ चांगली असते. आणि काय बोलतात ते ऐकून ये." गेले. डाळ चांगली होती. पन्हं पिता पिता अडत्याच्या बायकोनं सांगितलं की ती निवडून आली तर स्त्रियांसाठी वेगळी बाग करणार, तिच्यात झोपाळे बांधणार आणि आठवड्यातून एकदा बँड वाजवणार. सगळ्याजणी माना डोलवत होत्या. मत त्यांच्यापैकी दोघीतिघींनाच होतं, कारण मत घरपट्टी ज्याच्या नावावर त्याला, आणि घरपट्टी पुरुषांच्या नावावर. घरी येऊन मी झोपाळ्यांचं सांगितलं तेव्हा वन्सं हसल्या. झोपाळे वाईट नाहीत, म्हणाल्या, नंतर बांधू.

उमेदवारांची सभा बाजारच्याच दिवशी झाली, तळावर, लिंबाखाली. समोर सगळे पुरुष. बायका आपापल्या पाट्यांपाशी, जरा लांब. मी ओट्यावरून ऐकत होते. घड्याळवाले बोलले, दिव्याच्या खांबांवाले बोलले, अडत्याच्या बायकोच्या वतीनं तिचा दीर बोलला. मग वन्सं चौथऱ्यावर चढल्या. त्यांचा आवाज वर्गातल्या सवयीनं शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"माझ्या पत्रकात बाग नाही आणि घड्याळही नाही," त्या म्हणाल्या. "एकच मागणं आहे. ह्या तळाला लागून बायकांसाठी संडास हवा, चांगल्या उंच भिंतींचा, आणि शेजारी पाण्याचा हौद. तुमच्या घरी भाजी घेऊन येणाऱ्या बायका बाजारच्या दिवशी पाणी पीत नाहीत. का पीत नाहीत, ते ज्याला ठाऊक नसेल त्यानं घरी जाऊन आईला विचारावं."

आणि खाली उतरल्या. एवढंच भाषण.

भर सभेत एका बाईनं तो शब्द उच्चारला होता, तोही विधवा बाईनं, तोही न अडखळता. पुढच्या रांगेतले वकील पायांतल्या वहाणांकडे बघत राहिले. मागे कोणीतरी खिंकाळलं आणि लगेच गप्प झालं. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचाच राग आला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्या देवीसारख्या वाटल्या. हे मी त्यांना कधी म्हणाले नाही, नाहीतर त्यांनी "मग पुढे काय?" विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की बाईनं गावाची अब्रू वेशीला टांगली. कचेरीत ह्यांना लोकांनी इतकं सतावलं की हे घरी येऊन बहिणीला म्हणाले, "अक्का, दुसरा एखादा शब्द नव्हता का?"

"होता," वन्सं म्हणाल्या. "पण तो वापरला असता तर लोकांनी तिथे धर्मशाळा बांधली असती."

पण हिशेब सरळ त्यांच्या विरुद्ध होता. ज्यांना मत होतं त्यांच्या घरी परसात आडोसा होता. ज्यांना आडोसा नव्हता त्या बाहेरगावच्या, त्यांना इथे मत कुठून असणार? मी मनातून हरलेच होते. वन्सं रोज दारोदार जात, पुरुषांशी ओटीवरून बोलत, परत येऊन गार पाण्यानं पाय धूत. एकदा शाळा सुटल्याची घंटा ऐकून त्या उगीचच दारात जाऊन उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या. मला फार वाईट वाटलं.

मग पुढचा बाजार भरला. आमच्या गावात बाजार पुरुषांनी करायचा. पिशवी घेऊन वकील येत, पोस्टमास्तर येत, दुकानदार येत. भाजी घेतली की भाजीवालीनं वर चार काड्या कोथिंबीर टाकायची, हे इतकं ठरलेलं की ती कोणी मागतही नसे. त्या दिवशी देवळालीच्या म्हातारीनं पोस्टमास्तरांची वांगी तोलली, पिशवीत घातली, कोथिंबिरीची जुडी हातात घेतली आणि विचारलं, की मालक, मत कुणाला? पोस्टमास्तर म्हणाले, तुला गं काय करायचंय? म्हातारीनं जुडी परत पाटीत ठेवली. ते पुढच्या पाटीकडे गेले. तिथेही तेच. साऱ्या बाजारात तेच. वजनात खोट नाही, बोलण्यात उणंअधिक नाही, फक्त वरची कोथिंबीर नाही.

त्या दिवशी गावातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत पिशव्या उलट्या झाल्या आणि बायकांनी विचारलं, की कोथिंबीर कुठाय? आता काय सांगणार? काहींनी विसरलो म्हणून वेळ मारून नेली, पण आळीतल्या प्रत्येकच घरी एकाच दिवशी विसर कसा पडेल? शेवटी ज्या शब्दाला पुरुष सभेत लाजले होते, तो त्यांना चुलीपुढे उभं राहून आपापल्या बायकांना सांगावा लागला. आणि बायका वन्संच्याच शाळेत शिकलेल्या. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. अडत्याच्या घरची आमटीसुद्धा त्या दिवशी तशीच उतरली म्हणतात.

वन्संना हे कळलं तेव्हा त्या चिडल्या. हे दडपण आहे, असली मतं मला नकोत, म्हणून तरातरा तळावर गेल्या. मी मागोमाग. त्यांनी म्हातारीला सगळ्यांदेखत झापलं. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग पाटीवरचं ओलं फडकं सारखं करत म्हणाली, "आमाला मत न्हाई, मास्तरीनबाई. आमच्याकडं कोथिंबीर हाय. ती बी वापरू नगं म्हनता व्हय?"

 वन्सं मागे वळल्या आणि मला म्हणाल्या, चल घरी.

त्या निवडून आल्या. दणदणीत वगैरे नाही, काठावर. ह्यांनी पेढे आणले आणि बहिणीच्या हातावर ठेवताना रडले. आजवर कचेरीतल्या लोकांना भिऊन वागलेला माझा नवरा दुसऱ्या दिवशी त्याच लोकांना पेढे वाटून आला, ह्याचंही मला कौतुक वाटलं.

म्युनिसिपालटीत बाकीचं भांडण पुढे बरेच महिने चाललं. एकानं जागा नदीपल्याड सुचवली, तेव्हा वन्सं त्याला म्हणाल्या की आधी डोक्यावर पाटी घेऊन तिथवर जाऊन या. भिंती कमरेएवढ्या बांधून झाल्यावर कंत्राटदारानं काम संपलं म्हणून सांगितलं, तेव्हा त्या स्वतः जाऊन उभ्या राहिल्या आणि पुरुषभर उंच करून घेतल्या. मैला डोक्यावरून वाहायला लागू नये म्हणून टोपल्या नकोत, खोल खड्डेच हवेत, हाही हट्ट त्यांचाच. ह्या कामात सभासदांना त्यांच्या बाजूनं हात वर करायला लावले ते अडत्यानं. त्याच्या बायकोनं घरी ठणकावलं होतं, असं मला तिनंच सांगितलं.

शेवटी एका बाजारच्या दिवशी तो आडोसा उघडला. अध्यक्षांनी नारळ आणला होता आणि एखाद्या सवाष्णीनं फोडावा असं ते म्हणाले, म्हणून अडत्याच्या बायकोला पुढे केलं. वन्सं अशा वेळी नेहमी मागे राहत, तशा भिंतीच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. मला बोलायचं होतं, पण त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, पुरुष पांगले. मग बायका एकेक करून आत जाऊ लागल्या. देवळालीची म्हातारी गेली. तिची सून कडेवरचं मूल माझ्याकडे देऊन गेली.

म्हातारी बाहेर आली, हौदावर हात धुतले, पदराला पुसले आणि कोणाकडे न बघता सरळ वन्संपाशी गेली. आपले दोन्ही खरखरीत तळवे तिनं त्यांच्या गालांवरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर नेऊन बोटं कडाकडा मोडली.

"लई नजरा लागल्या असतील," ती म्हणाली, "ह्या गावात."

मी त्या घरात आल्यापासून वन्संच्या तोंडावरून असा कोणी हात फिरवलेला पाहिला नव्हता. मीही कधी फिरवला नव्हता. त्या जागच्या हलल्या नाहीत.   म्हातारी त्यांचा हात हातात धरून तिथेच उभी राहिली.