खालच्या बाईंच्या स्नो चेन

जर्मनीत येना शहरात राहायला आलो त्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आमची दोनदा तक्रार केली होती. एकदा मी रविवारी, इथे आवाज करायला मनाई असते तेव्हा, मिक्सर लावला म्हणून, एकदा जिन्यात ओले बूट ठेवले म्हणून. तोंडावर त्या काही बोलत नसत. परस्पर हाउसफरवाल्टुंगचा, म्हणजे इमारतीचं बघणाऱ्या ऑफिसचा मेल यायचा. त्यामुळे डिसेंबरात त्या स्वतः वर आल्या आणि एक निळा प्लॅस्टिकचा डबा पुढे केला, तेव्हा मी तो लगेच हातात घेतला नाही.

"तुम्ही आल्प्समध्ये जाताय ना?" त्या म्हणाल्या. "यात स्नो चेन आहेत, बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्या. घेऊन जा."

आम्ही जाणार हे यांना कसं कळलं? नवरा म्हणाला, त्यानेच जिन्यात सांगितलं. "त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यात काय?" पण त्यांनी विचारलंच का, हे माझ्या डोक्यातून जाईना.

डब्यातल्या साखळ्या चकचकीत होत्या, एका कडीवरही ओरखडा नव्हता. डब्यावरचं मापाचं लेबल मात्र फाटलेलं, नेमके आकडेच गेलेले. मी हॉलमध्ये जुनी चादर अंथरून एकेक कडी ओढून पाहिली. नवरा चहा पीत बघत होता.

"तुला काय वाटतं, त्यांनी करवतीने कापून ठेवली असेल?"

"चढावर तुटली की कळेल," मी म्हणाले.

शनिवारी आम्ही अंगणात त्या गाडीला लावून बघायचं ठरवलं. थंडीने बोटं आखडलेली असताना बर्फात पहिल्यांदा शिकायला नको. आमच्या गाडीला इंजिनाची ओढ पुढच्या चाकांवर, म्हणून चेनही पुढेच. नवऱ्याने चाकामागून तारेचं कडं सरकवलं, साखळी टायरवर पसरली. तेवढ्यात बाई कोट चढवून खाली आल्या आणि खिशात हात घालून उभ्या राहिल्या. आमची फजिती बघायलाच आल्यात, मला वाटलं.

साखळीची टोकं जुळेनात. कितीही ओढली तरी मध्ये चार बोटं अंतर राहात होतं.

"लहान आहेत," नवरा म्हणाला. "बारीक टायरच्या आहेत या."

मी वळून बाईंकडे पाहिलं. त्या हसत असतील अशी माझी खात्री होती. त्यांचा चेहरा उतरला होता.

"पण त्या नवीन आहेत," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, सगळ्या गाड्यांना एकच माप लागतं. मी कधी गाडी चालवली नाही. आम्ही डोंगरात जाणार होतो, म्हणून माझ्या मिस्टरांनी मुद्दाम आणल्या होत्या. मग ते आजारी पडले, आणि राहिलंच."

नवऱ्याने साखळ्या पुसून डब्यात ठेवल्या आणि डबा त्यांच्या दारापर्यंत नेऊन दिला. मला त्या लेबलाबद्दल विचारायचं होतं. विचारलं नाही.

मग आम्ही दुकानात गेलो. विक्रेत्याने गाडी न बघताच एक डबा काउंटरवर ठेवला. "गेनाऊ, अगदी हीच बसेल." मी त्याला पार्किंगमध्ये घेऊन आले, टायरवरचे आकडे वाचायला लावले आणि चाकाच्या आत साखळीला फिरायला जागा आहे का, विचारलं. तो वाकला, बोट घालून पाहिलं, आत गेला आणि बारीक कड्यांची दुसरी जोडी घेऊन आला. सॉरी वगैरे काही म्हणाला नाही.

आल्प्समध्ये घाटाच्या पायथ्याशी साखळी घातलेल्या चाकाची निळी पाटी होती. तिच्यापुढे चेनशिवाय जायचं नाही. आम्ही बाजूला थांबून चेन लावल्या. थोडं पुढे गेल्यावर मी पुन्हा थांबायला लावलं. नवरा कुरकुरत उतरला. डावीकडची खरंच सैल पडली होती. ती ताणून आम्ही हळूहळू वर गेलो. वाटेत एक गाडी आडवी होऊन बर्फात रुतलेली दिसली. गाव येईपर्यंत मी नुसती चाकांचा आवाज ऐकत बसले होते.

परतल्यावर बाई जिन्यात भेटल्या.

"लागल्या का चेन?"

"लागल्या."

"आवाज कसा येतो हो त्यांचा?"

मी सांगितलं, आधी खडखड वाटतो, पण वर बर्फ दाट झाला की बराच दबतो, आणि त्याची सवय होते. त्यांनी मान हलवली, किल्ली काढली आणि आत गेल्या.