वजनात बरोबर भरलेली वीट

आणीबाणी उठली त्या वर्षी, म्हणजे गेल्याच साली, मारबतीच्या दिवशी, दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी, नागपूरजवळच्या वाडीतल्या आमच्या घरमालकीणकाकूंची नव्वद रुपयांना फसवणूक झाली. त्या वेळी काकू घरात नव्हत्या. शहरात महाल भागात, मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत उभ्या राहून त्या ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत होत्या, आणि इकडे पीडा पोस्टमनच्या सायकलवर बसून त्यांच्याच घरी चालली होती. तिला सही देऊन, पैसे मोजून आत घेणारे गृहस्थ म्हणजे काकूंचे यजमान, आमचे घरमालक. बंद गठ्ठा ओळखणारा त्यांच्याइतका जाणकार या पृथ्वीवर दुसरा झाला नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. आम्ही भाडेकरू ते मत दरमहा भाड्यासोबत मान्य करत असू.

तीस वर्षं त्यांनी अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवून घेण्याचं काम केलं होतं. गठ्ठा काट्यावर चढवायचा, बिल्टीवरच्या, म्हणजे मालाच्या चिठ्ठीवरच्या, वजनाशी ताडून बघायचा, दोरी आणि सील तपासायचं आणि सही ठोकायची. आत काय आहे हे बघण्याचा हक्कही नव्हता आणि गरजही नव्हती. निवृत्त झाल्यावर गोदाम सुटलं, पण काटा सुटला नाही. खुंटीला एक स्प्रिंगचा काटा कायम लटकलेला असे, आणि घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी त्याच्यावर लटके आणि मग फडताळात जाई. रद्दी, तूप, पाहुण्यांच्या पिशव्या, काही म्हणजे काही सुटत नसे. शेजारच्या बाईनं बाळंतपणाहून आल्यावर कौतुकानं बाळ दाखवायला आणलं, तर यांनी झोळीसकट ते काट्याला अडकवलं आणि जाहीर केलं, “तीन किलो दोनशे. झोळीचे शंभर कापा.” भाचीच्या लग्नात आहेराच्या टेबलाशी बसून ते प्रत्येक पुडक्यावर बोटाच्या पेरानं टकटक करत होते. “स्टीलचा डबा. हाबी डबा. हा डबा पातळ पत्र्याचा हाय, कोण दिला गा?” ज्यानं दिला तो मागेच उभा होता. त्या घराशी अजून बोलणं नाही. पुडक्याची दोरी ते कधी कापत नसत, गाठ सोडवत. आणि वरचा कागद घडी करून गादीखाली ठेवत. त्यांच्या गादीला कापसापेक्षा कागदाचा जास्त आधार होता.

अशा माणसानं पेपरात जाहिरात वाचली. सोपं कोडं सोडवा आणि ट्रान्झिस्टर अर्ध्या किमतीत मिळवा, व्ही.पी.नं घरपोच, वजन दोन किलो. कोडं इतकं सोपं होतं की आमच्या मांजरीलाही बक्षीस लागलं असतं. पण काकांना भुरळ पडली ती वजनाची. “वजन छापणारा माणूस बेइमान नसते,” असं ते म्हणत. पैसे मात्र त्यांच्याकडे नव्हते. पैसे काकूंचे होते. गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवून काकूंनी डोळे तपासायला आणि चष्म्याला म्हणून नव्वद रुपये साठवले होते, कारण सुईत दोरा ओवायला आता त्यांना दुसऱ्याचे डोळे मागावे लागत. ते पैसे सीताबर्डीच्या चष्मेवाल्याकडे भरून येतो असं सांगून काकांनी घेतले. व्ही.पी.च्या पार्सलाचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे : आधी पैसे, मग उघडणं. पोस्टमननं मला नंतर सांगितलं, की तोसुद्धा म्हणाला होता, “काका, विचार करून घ्या. परवा एका घरी याच छापाच्या पार्सलातून भलतंच निंगालं.” काकांनी पार्सल काट्याला लावलं. काटा बरोबर दोनवर थांबला. “पाय! सूतभर फरक नाई. उघडून पाहाची गरज त्याले, ज्याले वजन समजत नाई.” आणि सही ठोकली.

आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीट होती. अख्खी नव्हती, दोन किलो भरावी म्हणून नेमकी फोडून घेतलेली होती. पोस्टात ओरडत जावं, रडावं, निदान कपाळावर हात मारावा, यातलं त्यांनी काहीही केलं नाही. त्यांनी ती वीट पुन्हा तोलली. चोराच्या मापावर खूश होणारं गिऱ्हाईक मी तरी दुसरं पाहिलं नाही. मग वीट रॉकेलच्या डब्यामागे गेली, कागद गादीखाली गेला, आणि संध्याकाळी काकूंना सांगण्यात आलं, की चष्म्याची काच बाहेरदेशातून येते, वेळ लागेल.

तिसऱ्या दिवशी हरतालिका. म्हणजे नवऱ्याच्या आयुष्यासाठी काकूंच्या पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि नवरा ओट्यावर बसून सफारी सुटातल्या एका अनोळखी माणसाशी कुजबुजतो आहे! मी सायकल लावत होतो. माझ्या कानावर आलं, “पार्सल का कागज़ और ईंट, दोनों सबूत मेरे पास दे दीजिए. केस मैं लडूँगा. आज पंद्रह और लगेंगे.”

“काका, कशाची वीट?” मी विचारलं.

“संडासाच्या बांधकामाचं बोलून राहिलो गा. तू जाय, जेव.”

सफारीवाला मात्र हुशारीनं माझ्याकडे वळला आणि ट्रान्झिस्टरच्या पार्सलातून वीट निघाल्याचं सगळं सांगून मोकळा झाला. फसलेल्यांचे पैसे परत मिळवून देणं हाच त्याचा धंदा होता, काल पंधरा रुपये स्टँपसाठी घेतले होते, आणि कंपनीवाले थरथर कापणार होते. मी त्याला एकच प्रश्न विचारला. “काकांनी ही गोष्ट घरात सांगितली नाही, शेजारी सांगितली नाही, पोस्टात सांगितली नाही. मग तुम्हाला कोणी सांगितली? वीट पाठवणाऱ्यानं?” त्याला एकदम पानाची तल्लफ आली. कोपऱ्यावर जाऊन येतो म्हणाला आणि स्कूटरला किक मारली. अजून पान लागतं आहे.

आणि काका माझ्यावर उखडले! “भला माणूस पयवला तू! आता माहे पैसे कोन आनन?”

“मला काहून नाही सांगितलं परवाच?”

यावर ते उठले, गादीखाली हात घातला, आणि माझंच पत्रक माझ्या तोंडासमोर धरलं. जाहिरातींना फसणाऱ्यांसाठी आम्ही पोरांनी सायक्लोस्टाइलवर काढलं होतं, घरोघर वाटलं होतं, आणि मथळा माझा होता : ‘लोभी गाढवांनो, जागे व्हा!’ “तुले सांगू?” काका म्हणाले. “गाढव म्हनून छापाले?”

मी ते पत्रक घडी करून खिशात घातलं. दारातून काकू बोलल्या, तेव्हा आवाज कोरडा होता, उपासाचा असेल. “अजी, वीट मले त्याच दिवशी दिसली. रॉकेल घ्याले गेली होती मी. डोये गेले असन माहे, पन वीट दिसते. दोन दिवस वाट पाहून राहिली, की तुमी सांगसान.” काका पुन्हा ओट्यावर टेकले. “उद्या गनपती, पोस्ट बंद राहीन,” काकू म्हणाल्या. “उठा.”

आम्ही तिघं पोस्टात गेलो. वीट पिशवीत, कागद काकूंच्या हातात. पोस्टमास्तर म्हणाले, काकांनी भरलेल्या पैशांची मनिऑर्डर काल निघाली, पण पार्सल पाठवणाऱ्याच्या हातात अजून पडलेली नाही. वेष्टन आहे, नंबर आहे, तार करून थांबवता येईल. फक्त लेखी अर्ज पाहिजे. तो अर्ज लिहायला काकांना पाऊण तास लागला. ‘मी फसलो’ हे दोन शब्द त्यांच्या पेनातून उतरत नव्हते. ‘वजनाबाबत पूर्ण समाधान असूनही माल वेगळा निघाला,’ असं त्यांनी लिहिलं. पोस्टमास्तरांनी ते खोडलं नाही. उलट हळूच सांगितलं, की या महिन्यात आणखी चार घरांत अशाच विटा गेल्या, पण अर्ज घेऊन कोणी आलं नाही. पोस्टमन बोलला म्हणून कळलं. चार घरांत चार माणसं कुठल्या तरी डब्यामागे वीट लपवून बसली होती.

दिवाळीनंतर नव्वद रुपये परत आले. चष्मा झाला. सफारीवाल्याचे पंधरा गेले ते गेलेच. ते हौसेनं हातावर ठेवले होते, त्यांना नंबर नव्हता, पावती नव्हती. पण आणखी एक गोष्ट परत आली नाही. काका आता कुठल्याही गठ्ठ्याविषयी काही बोलत नाहीत. परवा माझं पुस्तकांचं पार्सल आलं, मी मुद्दाम त्यांच्यासमोर ठेवलं, म्हटलं सांगा काय आहे. त्यांनी नुसता त्याच्यावर हात फिरवला आणि म्हणाले, “उघडून पाय गा बाबू.” मला फार वाईट वाटलं. त्यांच्या त्या बढाया परत मागायला मी कुठल्या खिडकीवर अर्ज करू?

नवं पत्रक मी मथळा बदलून काढलं आहे. पण पत्रक वाचून गप्प बसणार असाल, तर ते तुम्हीही गादीखाली घाला. तुमच्या घरात कोणी असं फसलेलं असेल, तर हसू नका. आज विचारा, कागद टाकू देऊ नका, आणि पोस्ट बंद व्हायच्या आत त्याच्यासोबत जा. पैसे परत आणतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला ओट्यावर बसू देऊ नका. आणि त्या चार घरांपैकी एखादं घर तुमचं असेल, तर वीट घेऊन या. मी सोबत येतो. तुम्हाला गाढव म्हणणारा तिथे कोणी नसेल. जो होता, तो आता अर्ज लिहून देतो.