यॉर्कला विचारायला गेले होते

आमच्या लेकीचा यॉर्कमधला कोर्स संपत आला होता. चर्चच्या जुन्या रंगीत काचा दुरुस्त करायच्या, हा तिचा विषय. अमेरिकेतल्या ट्रॉय गावात जन्मलेल्या मुलीला हे खूळ कुठून लागलं, देव जाणे. कोर्स संपल्यावर ती मिशिगनला परत येणार की तिकडेच राहणार, हे फोनवर काही केल्या कळेना. विषय काढला की "लेट्स सी, आई." शेवटी ऑफिसचं लंडनला काम निघालं, तेव्हा मी त्याला वीकेंड जोडून घेतला. विमानतळावर सोडताना नवऱ्याने बजावलं, "आडून आडून बोलू नकोस. सरळ विचार."

सरळ विचारायला मुलगी एका जागी उभी तर राहायला हवी! शनिवारभर तिने मला गावाच्या जुन्या तटबंदीवरून फिरवलं. मी तोंड उघडलं की ही कुठल्यातरी दगडाकडे बोट दाखवणार. कॅथीड्रलमध्ये तर माझीच पंचाईत झाली. जागोजागी नावं कोरलेल्या फरशा आणि खाली माणसं पुरलेली. लोक त्यांवरून खुशाल चालत होते. मला पाय ठेववेना. अंग चोरत, फरशा चुकवत चालले होते, तरी एकीला पाय लागलाच. मी वाकून हात लावून नमस्कार केला.

"आई, प्लीज! दे डोन्ट माइंड," ती हसत म्हणाली.

"तुला काय माहीत? विचारलंस त्यांना?" मी खेकसले. राग फरशांचा नव्हताच.

मग तिने वरची एक खिडकी दाखवली. तिथला एक निळा तुकडा तिने स्वतः बसवला होता. सांगताना तिचा चेहरा असा उजळला की मला भीतीच वाटली.

रविवारी स्टेशनात गाडी लागली तरी प्रश्न माझ्या घशातच. बॅग चढवली, दारात उभी राहिले आणि सवयीने म्हणाले, "येते गं."

आमच्या घरातून कोणी निघालं की दारात उभं राहून "ये" म्हणायचं काम माझं. ही कायम निघणारी, तीही "बाय" करून. आज प्लॅटफॉर्मवरून ती म्हणाली, "ये, आई. लवकर ये."

अगदी तिथल्या घरच्या माणसासारखं म्हणाली. कळायचं ते मला कळलं. गाडी हलेपर्यंत मी कसाबसा दम धरला, आणि मग शेजारच्या इंग्रज बाईची पर्वा न करता रडले.