एका रहस्यपटाला दिलेले गुण

मराठी मंडळाच्या अध्यक्षबाईंचा फोन आला तेव्हा मी पीथमपूरच्या औषध कारखान्यातल्या प्रयोगशाळेत गोळ्या किती मिनिटांत विरघळतात ते बघत उभी होते. त्या म्हणाल्या, यंदा देवासला तीन रविवार तीन मराठी सिनेमे दाखवायचे आहेत, तिन्ही कादंबऱ्यांवरून केलेले. त्यांतल्या सगळ्यांत चांगल्या रूपांतराला मंडळ मानपत्र देणार. परीक्षक तीन: धारचे एक निवृत्त प्राध्यापक, देवासचे एक डॉक्टर आणि मी.

"मी कशी काय?" मी विचारलं.

"तू देवासची लेक, धारची सून. दोन्हीकडचे लोक खूश राहतील. आणि एक तरी बाई हवी ना."

मी हो म्हटलं आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत घाबरले. माझं सगळं शिक्षण हिंदीतून झालेलं. मराठी मी बोलते, पण वाचायची म्हणजे लग्नपत्रिका आणि फोनवरचे निरोप. पहिल्या दोन कादंबऱ्या लहान होत्या, त्या कशाबशा उरकल्या. तिसरी, ती मानसिक रहस्यकथा, चारशेच्या वर पानांची. नवऱ्यानं ती हातात तोलून बघितली आणि म्हणाला, "सिनेमा बघ की नुसता. कोण विचारणार आहे?"

कुणीच विचारणार नव्हतं, खरं आहे. पण कारखान्यात आम्ही मूळ नमुना शेजारी ठेवल्याशिवाय एकही गोळी पास करत नाही. मूळ काय होतं ते माहीत नसताना रूपांतराला गुण कुठल्या तोंडानं द्यायचे? मी ठरवलं, पुस्तक पूर्ण वाचायचं.

धार ते पीथमपूर शिफ्टच्या बसमध्ये जाता-येता वाचायला लागले. पहिल्या आठवड्यात पस्तीस पानं झाली. ओळीवर बोट ठेवून वाचत होते, आणि शेजारी बसणारी पॅकिंगमधली मुलगी रोज विचारायची, "दीदी, अभी तक वही किताब?" मी म्हणायची, "वही. अभी खूनी मिला नहीं." अडलेल्या शब्दासाठी देवासला आईला फोन लावायचे. आईच्या माहेरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या संस्थानच्या दरबारात होते, तिच्याकडे जुनं, घट्ट मराठी आहे.

"आई, चाहूल म्हणजे काय गं?"

"कुणीतरी आलंय असं न बघता कळतं ना, ती चाहूल."

त्या कादंबरीत चाहूल फार होती. डोंगरातल्या एका गावात एक विधवा शिक्षिका एकटी राहते. शाळेतून परत आली की तिला घरातल्या वस्तू हललेल्या दिसतात. कंदील खिडकीत ठेवलेला असतो तो टेबलावर, चष्मा देवघरात. ती सांगत सुटते की घरात कुणीतरी येऊन जातं, आणि सगळे म्हणतात, नवरा गेल्याचं दुःख, दुसरं काय. डॉक्टर झोपेची औषधं देतात. शेवटी कळतं की घर नावावर करून घेण्यासाठी तिचा दीरच किल्ली करवून येत होता. तिसऱ्या आठवड्यात माझं बोट ओळीवरून सुटलं होतं आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मग देवासच्या सभागृहात सिनेमा बघितला. काय सुंदर काढलेला. धुकं, दाराची करकर, त्या नटीचा चेहरा. मध्यंतरात लोक चहा विसरून वाद घालत होते. आणि शेवटच्या वीस मिनिटांत सिनेमानं कादंबरी उलटी केली. दीर निर्दोष निघाला. झोपेत उठून सगळं तीच करत होती आणि नवऱ्यालाही तिनंच मारलं होतं, तिला आठवत नव्हतं एवढंच. सभागृहात लोकांनी श्वास रोखला, मग टाळ्या वाजवल्या. कागदावर मी पन्नासपैकी बारा गुण लिहिले आणि तो घडी घालून पर्समध्ये टाकला.

याला कारण होतं, आणि ते मला तिथंच कळत होतं. बाबा गेले त्या वर्षी आई म्हणायला लागली, नळाच्या पाण्याला वास येतो. भाऊ म्हणाला, नाही येत. मी रविवारी धारहून जायचे, पाणी पिऊन बघायचे, मलाही येत नसे. आई रोज तेच म्हणायची, भांडी पुन्हा पुन्हा घासायची, शेवटी पाणी पिणंच कमी केलं. आम्ही तिला इंदूरला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. आम्ही जे सांगितलं त्यावरून त्यांनी औषध दिलं आणि चार महिने आई दुपारभर झोपून राहिली. मग अंगणातली फरशी बदलताना प्लंबरनं आमचाच जुना पाईप गंजून फुटलेला दाखवला, अगदी मोरीच्या नालीला टेकलेला. नळ आला की पहिली दहा मिनिटं घाण पाणी यायचं. पहाटे उठून नळ सोडणारी घरात एकटी आईच होती. भाऊ उठेपर्यंत, मी धारहून पोचेपर्यंत पाणी साफ झालेलं असायचं.

माझं काम नमुने तपासण्याचं. पहाटेचं बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत नेऊन बघावं, हे चार महिन्यांत माझ्या डोक्यात आलं नाही. आईनं आम्हाला कधी बोल लावला नाही. मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, "झालं ते झालं, पाईप बदला."

सिनेमा संपल्यावर मी तिच्याकडे गेले. शेवट सांगितला, बारा गुण सांगितले. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी तिनं संपवली.

मग म्हणाली, "हे बारा त्या सिनेमाचे की माझ्या नळाचे?"

मी तिच्या पुढ्यातली एक जुडी ओढून निवडायला लागले.

"माझ्यासाठी गुण कापू नकोस हो. सिनेमा खोटा असेल तर काप. पण मग तो कुठं खोटा आहे ते दाखवता आलं पाहिजे तुला."

ते मला लागलं, कारण बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाईंकडून सिनेमा मागून घेतला आणि सुट्टीच्या दिवशी दार लावून, वही घेऊन बसले. माझा सगळ्यांत मोठा आक्षेप होता कंदिलाचा. बाई शाळेत शिकवतेय आणि घरात एक हात कंदील उचलतोय, असं सिनेमात लागोपाठ दिसतं. मग तो हात तिचा कसा असेल? तीनदा मागे नेऊन बघितलं. शाळेतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक तारीख होती, घरातल्या कॅलेंडरवर दुसरी. दिवसच वेगळे होते, मीच ते एक मानले होते. सिनेमा तिथं खरा होता. वहीतला तो आक्षेप मी खोडला. खोडायला मन होत नव्हतं, पण खोडला.

अशा सात आक्षेपांपैकी पाच खोडले गेले. दोन राहिले. एक म्हणजे दूधवाली. बाई परगावी गेलेली असताना दूधवालीला तिच्या दारात पुरुषाच्या चपला दिसतात. हे बाईच्या मनातलं नाही, दूधवालीनं डोळ्यांनी बघितलेलं आहे, आणि सिनेमा त्या चपलांचं पुढं काहीच करत नाही. दुसरा आक्षेप शेवटाचा. शेवट बदलण्याचा हक्क सिनेमाला आहे, हे मी लिहिलं. पण कादंबरी विचारत होती की एवढी माणसं भोवती असताना एकानंही तिचं का ऐकलं नाही. सिनेमा म्हणतो, ऐकलं नाही ते बरंच केलं. मग रूपांतर कशाचं केलं? घराचं आणि धुक्याचं. मी एकतीस गुण दिले आणि पानभर कारणं लिहिली. आईनं ती वाचून दोन वेलांट्या सुधारल्या.

परीक्षकांची बैठक अध्यक्षबाईंच्या घरी झाली. प्राध्यापकांनी शेहेचाळीस दिले होते, डॉक्टरांनी चव्वेचाळीस. माझा आकडा ऐकून डॉक्टर हसले. "भिया, इतनी कड़क परीक्षा तो हमारी भी नहीं हुई," ते प्राध्यापकांकडे बघून माळव्यातल्या ढंगात म्हणाले.

प्राध्यापक मला समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, रहस्यपटात शेवटचा धक्काच महत्त्वाचा. कादंबरीतही तो तसाच असणार."

"नाही सर. कादंबरीत दीर होता."

त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर चहा ढवळत राहिले. मला कळलं की दोघांनीही पुस्तक वाचलेलं नाही. तेवढ्यानं माझी भीती गेली. मी म्हणाले, "सर, तुमच्या निम्मंही मराठी मला येत नाही. पण रूपांतराला गुण द्यायचे तर तिघांनीही मूळ वाचायला हवं. आज निकाल लावू नये असं माझं म्हणणं आहे."

"मानपत्राचा कार्यक्रम पुढच्या रविवारी आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मग सात दिवस आहेत. मला सहा आठवडे लागले, सरांना इतके लागणार नाहीत."

मी पर्समधून पुस्तक काढून प्राध्यापकांपुढं ठेवलं. त्यांचा चेहरा उतरला होता, मला वाईटही वाटलं. पण मी ते परत उचललं नाही. शेवटी त्यांनीच उचललं.

पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. नेहमीसारखं हवापाणी न विचारता थेट म्हणाले, "दूधवालीचं तुमचं बरोबर आहे. कादंबरीत त्या चपला दिराच्या. सिनेमावाले त्या काढायला विसरले."

"आणि शेवट?"

"शेवटाबद्दल मी तुमच्याशी सहमत नाही. मला तो आवडला, अजूनही आवडतो. पण रूपांतर म्हणून मी सदतीस देतो." फोन ठेवताना म्हणाले, "न वाचता शेहेचाळीस द्यायला नको होते."

डॉक्टरांनी पुस्तक काही वाचलं नाही, आपले चव्वेचाळीसच ठेवले. बेरजेत दुसऱ्या रविवारचा साधा, कौटुंबिक सिनेमा तीन गुणांनी पुढं गेला. लोकांना ते पटलं नाही. निकालाच्या दिवशी मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालंच, "अरे, सबसे बढ़िया तो वो सस्पेन्सवाली थी." अध्यक्षबाईंनी मला कारण सांगायला बोलावलं. मी व्यासपीठावर गेले आणि माझं पान वाचलं. मराठी वाचताना दोनदा अडखळले, पण पुन्हा सुरुवातीपासून वाक्य घेतलं. नळाचं काही बोलले नाही, फक्त चपलांचं आणि शेवटाचं बोलले. काही लोक पटल्यासारखे दिसले, बरेच दिसले नाहीत. आई दुसऱ्या रांगेत बसली होती, शेजारणीला काहीतरी समजावून सांगत होती.

या वर्षी पुन्हा विचारणा झाली. मी हो म्हटलं, पण आधी तिन्ही पुस्तकांच्या तीन-तीन प्रती मागवून घ्यायला लावल्या.