माइकवरून न घेतलेलं नाव

"नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते. घ्याचं नाई म्हनजे नाई."

"मंग माइकवर मी काय म्हनू, आत्याबाई?"

"लाल चड्डीवाला म्हन."

"साऱ्या संघाचीच चड्डी लाल हाये."

"मंग उंचा म्हन."

"उंचे तिघं हायेत."

"उखान्यात घे. उखान्यात चालते."

"उखाना होयेतवर ते बाद होऊन बाहेर बसतेत."

"मंग नोको जाऊ. वांगे तोडाचे पडले हायेत."

हे भांडण माझं आणि माझ्या सासूबाईंचं, गोदाबाईंचं. जागा अकोल्यात मोर्णेच्या काठचा आमचा भाजीचा मळा, साल त्रेसष्ट, आणि दिवस कबड्डीच्या अंतिम सामन्याचा. सामना माळीपुऱ्याच्या संघाचा. संघात चढाईला सगळ्यात तेज गडी म्हणजे माझा नवरा, आणि भोंग्यावरून सामना सांगणारी मी. त्यांचं नाव एकदा इथे लिहून मोकळी होते: उत्तमराव. लिहायला कोणी बंदी केलेली नाही.

सामना सांगायचं खूळ माहेरचं. माझे वडील केशवराव अमरावतीला राजापेठेत लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचे. लग्न असो, कीर्तन असो, सभा असो. कबड्डीला भोंगा नेला तर सांगणारा फुकट, असा त्यांचा खाक्या, आणि सांगणारे तेच. एका वर्षी भातकुलीच्या सामन्यांत ऐन रंगात त्यांचा घसा बसला. त्यांनी माइक माझ्या हाती दिला. तो मी परत दिलाच नाही.

आवाज होता, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. कॉलेजात मी नाटकाच्या तालमी केल्या, श्वास कुठे घ्यायचा, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचवायचा, सगळं शिकले. पण भूमिका वाटायची वेळ आली की दिग्दर्शक माझ्याकडे एकदा नीट बघायचे आणि मला पडद्यामागे उभं करायचे. मी दोनदा शंकर झाले आणि एकदा समुद्र. आईला नाटक दाखवायला नेलं तर ती शेवटपर्यंत विचारत होती, तू कधी येणार?

लग्नाच्या बोलणीत वडिलांनी एकच अट घातली, पोरगी माइक सोडणार नाही. गोदाबाई हसून म्हणाल्या, मी आयुष्यभर बाजारात ओरडून मेथी विकली, आवाजाचं आमाले काय कौतुक. मुलगी सामने सांगते, मुलगा सामने खेळतो, दोन्हीकडच्यांना हा योग फार छान वाटला. हे दोघं एकाच मैदानात आले तर काय होईल, हे त्या साखरपुड्यात जेवलेल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

संसारात माझ्या आवाजाचा उपयोग शून्य. मी हळू बोलले तरी शेजारच्या मळ्यात कळायचं, आज यांची भाजी करपली. सवयच अशी की हातातलं काम तोंडातून निघायचं: भाकरी तव्याकडे निघाली आहे, काठ फाटला आहे, भाकरी बाद. सासूबाई म्हणायच्या, बोलू नोको, थाप.

तर त्या वर्षी माळीपुरा वर चढत गेला आणि मी खाली. पहिल्या सामन्यात मी म्हणाले, "चढाईला गेले आहेत... हे." मैदानातून कोणीतरी विचारलं, "कोन हे?" पुढच्या चढाईला मी म्हणाले, "पुन्हा हेच." लोक खेळ सोडून भोंग्याकडे बघून हसू लागले.

उपांत्य सामन्याला सासूबाईंच्या सल्ल्याने उखाणे पाठ करून गेले. यांनी मधली रेषा ओलांडली, आणि मी नाटकातला सगळा श्वास भरून सुरू केलं:

"मोर्णेच्या काठाला मेथीची जुडी,
उत्तमराव घेतात वाघाची उडी."

माझी उडी संपली तेव्हा वाघ चौघांच्या खाली पालथा होता आणि फक्त पाय दिसत होते. पुढच्या चढाईला उखाणा लवकर सुरू केला, तर चढाईला दुसराच गडी गेला. तो बिचारा माझ्याकडे बघत उभा राहिला आणि तिथेच बाद झाला. कसाबसा संघ जिंकला. माझ्यामुळे नव्हे, माझ्यासकट.

सामना संपल्यावर संघाचे सेक्रेटरी डोमाजी आले. फार सभ्य माणूस. म्हणाले, "वहिनी, फायनलले सरळ नाव घ्या. नाई जमत असंन त माइक माह्याकडं द्या." आणि त्यांनी तिथल्या तिथे घसा साफ करून दाखवला. मला धडकी भरली. हातातून गेलेला माइक परत येत नाही, हे वडिलांच्या बाबतीत मीच सिद्ध करून ठेवलं होतं.

घरी जेवताना हेही बोलले. एरवी आईसमोर तोंड न उघडणारा माणूस, ताटाकडे बघूनच म्हणाला, "साऱ्या गड्यांचं नाव भोंग्यातून निंगते. माहंच नाई. मी काय चोरून खेळून राहिलो?" सासूबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. उत्तर तेवढंच.

आणि मग अंतिम सामन्याच्या सकाळचं ते भांडण. तुम्ही मामंजींचं नाव कधीच घेतलं नाही, तरी ते लवकर गेलेच ना, हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. गिळलं. मुकाट्याने वांगी तोडली, हाताला काटे टोचून घेतले आणि मैदानात गेले. सासूबाई मेथीची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराकडे निघाल्या. जाताना बजावलं, मैदान हे बायकांचं काम नाई, मी त तिकडं फिरकनार बी नाई.

समोर अंजनगाव सुर्जीचा संघ, एकेक गडी केळीच्या खोडासारखा. डोमाजी माझ्या खुर्चीला चिकटून उभे, हात माइकपासून वीतभर. दुसऱ्या मिनिटाला हे चढाईला उठले. मी म्हणाले, "माळीपुऱ्याकडून चढाईला जात आहेत..."

आणि थांबले. नाव घ्यावं तर यांचं आयुष्य, न घ्यावं तर माझा माइक. तोंड उघडं, श्वास भरलेला, आवाज बंद. भोंग्यातून नुसती खरखर. सगळं मैदान माझ्याकडे वळलं. डोमाजींनी हात पुढे केला.

तेवढ्यात मागच्या निंबाखालून, भाजीवाल्या बायका उभ्या होत्या तिकडून, एक आवाज आला. त्याला माइक लागला नाही.

"उत्तम हाय तो. माहा उत्तम."

मैदानात आधी हशा, मग दोन-तीनशे माणसं एका दमात: उत्तम. हे मधल्या रेषेवर उभे, कान लाल. त्या चढाईत दोघांना बाद करून परत आले.

पुढच्या वेळी मी मुद्दाम थांबले. "चढाईला जात आहेत..." मैदान ओरडलं, उत्तम. प्रत्येक चढाईला तेच. डोमाजींचा हात हळूहळू खिशात गेला. शेवटी संघातले बाकीचे गडी रुसून माझ्याकडे आले, "वहिनी, आमचं बी नाव घेनं बंद करा ना." इतकी वर्षं श्वास आणि शब्दफेक शिकून माझं नाव झालं ते गप्प बसण्यात. आजही कुठून बोलावणं आलं की म्हणतात, बाई, तुम्ही ते थांबता ना, तसं थांबा.

सामना हरलो, एका गुणाने. ते सांगताना मात्र माझा आवाज खणखणीत निघाला.

घरी आलो तेव्हा सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या, जणू सकाळपासून तिथेच आहेत. शेजारी टोपली. मी विचारलं, बाजार कसा होता. म्हणाल्या, लय गर्दी, हाताले उसंत नाई. मी टोपलीत पाहिलं. मेथीच्या साऱ्या जुड्या तशाच, फक्त माना टाकलेल्या. यांनीही पाहिलं आणि पाय धुवायला जरा लांब गेले.

"आत्याबाई," मी म्हणाले, "तुमचा आवाज बसल्यासारखा वाटून राहिला."

त्यांनी जुड्यांवर पदर टाकला.

"अंजनगाववाल्यांनी पुढच्या रविवारी बलावलं. हे खेळनार हायेत, मी माइकवर. मी थांबल्यावर तिथं कोन ओरडंन? तुमी येता का?"

सासूबाईंनी टोपली उचलली, चुंबळ नीट केली, ती सुकलेली मेथी डोक्यावर घेतली आणि डोमाजींसारखाच घसा साफ करत वाफ्यांकडे निघून गेल्या.